धुरकऱ्याचं वजन

माझ्या सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. ते जाडे आहेत हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, एकट्या मामाजींना तेवढं ठाऊक नव्हतं. बंडीत मागून चढले की पुढचं जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जायचं आणि दोन्ही बैल वळून बघायचे. मामाजी म्हणायचे, बंडीची बांधणीच वाकडी आहे. आणि हा माणूस पटाचा धुरकरी होता! आता बोला.

वैनगंगेकाठच्या आमच्या भागात धान चुरून कोठीत पडलं, की पौषात शंकरपट भरतात. शेतात दोन लांब वाटा शेजारी शेजारी साफ करायच्या, प्रत्येकीवर एकेक बैलजोडी उभी करायची, जोडीला हलकी दोनचाकी छकडी, आणि छकडीवर एक माणूस. तो धुरकरी. झेंडी पडली की सुटायचं, आणि पलीकडच्या टोकाला जो आधी पोचला तो जिंकला. पानाला चुना लावायला मान खाली घातली, तर वर करीपर्यंत निकाल लागलेला, इतका थोडका खेळ. पण त्या थोडक्यासाठी लोक वर्षभर बैलांना दूध-अंडी खाऊ घालतात, घरच्या पोरांना नाही. पटाला लेकीबाळी माहेरी येतात, सोयरे जमतात, लग्नं जुळतात. माझंही तिथेच जुळलं. मला पाहायला आलेल्या मामाजींनी निम्मा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि निम्मा वेळ माझ्या बापाच्या गोऱ्ह्यांकडे, असं माझी आई सांगायची.

तरुणपणी मामाजी खरोखरच नामी धुरकरी होते. तेव्हा ते सडपातळ होते असं जुनी माणसं सांगत, आणि ती काही खोटं बोलणारी माणसं नव्हती. पण मी सून म्हणून आले तेव्हा सलग तीन साल ते नदीपलीकडच्या एकाच जोडीकडून हरत होते. त्या जोडीचा धुरकरी म्हणजे वाळलेली मिरची. मामाजींच्या मते मात्र हरण्याचं कारण दुसरंच होतं: आपली छकडी जड आहे. म्हणून दरसाल पट जवळ आला की सुताराला बोलावणं जायचं. पहिल्या साली चाकांवरच्या लोखंडी धावा काढून पातळ बसवल्या. दुसऱ्या साली आरे तासले. तिसऱ्या साली बैठकीतलं सागवान जाऊन बांबू आला आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटाही उतरल्या. छकडी इतकी रोडावली की वर कोंबडा बसला तरी कुरकुरायची. आणि ती जितकी वाळत गेली तितके मामाजी भरत गेले.

आता माझं सांगते. मी नांदायला आले तेव्हा माझ्या पेटीत लुगड्यांच्या तळाशी सातवीची पुस्तकं होती. सहावी पास झाले आणि लग्न निघालं. त्या काळी सातवीची परीक्षा पास झालं की मास्तरीण होता येत होतं, आणि मला मास्तरीणच व्हायचं होतं. लहानपणापासून लोकांच्या चुका काढायची भारी हौस, ती दुसऱ्या कोणत्या कामात भागणार? सोयरिकीच्या बैठकीत माझ्या बापाने विचारलंही होतं, "पोरीले परीक्षेले बसू द्याल ना?" मामाजी म्हणाले होते, "पाहू." त्या 'पाहू'ला वर्ष झालं. शाळेत न जाता बाहेरून बसता येत होतं. माझ्या भावाने ब्रह्मपुरीहून अर्ज आणून दिला होता, परीक्षाही तिथेच व्हायची होती. त्याच्यावर घरच्या कर्त्या माणसाची सही हवी होती आणि पौष सरायच्या आत तो पोचायला हवा होता. सही आमच्या ह्यांनाही करता आली असती, अक्षर झकास होतं त्यांचं. पण माझा नवरा बापाला विचारल्याशिवाय शिंकतही नसे. यंदाचं साल हुकलं तर पुढच्या साली कडेवर पोर असणार, आणि मग कोण बसू देतं परीक्षेला? हे मला पक्कं कळत होतं, आणि त्या धास्तीने जेवण गोड लागत नव्हतं.

त्या साली पटाला पंधरा-वीस दिवस असताना सुतार पुन्हा आला. ओसरीत बसून राहिलेसाहिलेले आरे तासायला लागला. मामाजी समोर बसून देखरेख करत होते. देखरेख म्हणजे पुढ्यात लाखोळीच्या डाळीचे गरम वडे. सुतार रंधा मारी, छिलके पडत, मामाजी ते ओंजळीत घेत, तोलून बघत आणि खुशीत येऊन म्हणत, "पाह्य, केवढं वजन उतरलं!" आणि एक वडा तोंडात टाकत. पुन्हा रंधा, पुन्हा ओंजळ, पुन्हा वडा. मी दाराआड तांदूळ निवडत बसले होते. सहाव्या वड्यापर्यंत दम धरला. सातव्याला मात्र फिस्सकन हसू फुटलं.

सुनेने सासऱ्यासमोर हसायचं नसे. बोलायचं तर त्याहून नसे. सगळं बोलणं आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या मार्फत. आम्ही दोघं चार हातांवर असलो तरी त्या मधे बसून इकडचं तिकडे करायच्या.

"विचार तिले, काऊन हासली," मामाजी त्यांना म्हणाले.

"काऊन हासली व?" त्यांनी मला विचारलं.

"काई नाई."

"काई नाई म्हणते."

"काई नाई कसं? विचार पुन्हा."

माझ्या जिभेला हाड नाही हे माहेरी सगळ्यांना माहीत होतं, सासरी अजून कळायचं होतं. मी म्हटलं, "त्याईले सांगा, छकडी पुरे झाली. आता सुतारभाऊले म्हणा, तोच रंधा जरा धुरकऱ्याले मारा."

आत्याबाई हा निरोप मधेच कुठेतरी सांडतील अशी मला आशा होती. पण तीस वर्षं त्या माणसाला वडे तळून घालणारी बाई ती! त्यांनी शब्दाला शब्द पोचवला, आणि वर "आन् मलेई तसंच वाटते" हे पदरचं जोडलं. सुताराने ओठ आत ओढून घेतले आणि चाकात तोंड खुपसून बसला.

मामाजी भडकतील असं मला वाटलं. तसे ते भडकलेही, पण आधी वाद घालावा एवढी मला त्यांनी किंमत दिली, हे आज कळतं. "विचार तिले," ते म्हणाले, "माहे बैल खंडी खंडी धान ओढतेत. त्याईले मी जड?"

"ओढतीन ना," मी आत्याबाईंकडे बघत म्हटलं. "पन धानाची बंडी जुपल्याबरोबर पळते का? आंधी हलते, मंग चालते, मंग कुठी वेग धरते. तितक्यात पट खतम होऊन जाते."

हे मी पुस्तकात नुसतं वाचलेलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या शाळेत पिण्याच्या पाण्याचं पिंप ठेवलेला एक गाडा होता. गुरुजींनी एकदा तो रिकामा असताना दोन पोरींना ढकलायला लावला. गाडा असा सुटला की गुरुजींच्या सायकलीवर जाऊन आदळला. मग पिंप काठोकाठ भरलं. त्याच दोन पोरी, तोच जोर. गाडा हलला, पण वेग धरता धरता शाळेचं अंगण संपलं. गुरुजी म्हणाले, ढकलणारं बळ तेवढंच आणि वजन दुप्पट, तर वेग वाढायची घाई निम्मी. सायकल वाकडी झाल्यामुळे हा धडा गुरुजींनी पुन्हा दिला नाही, पण मला तो कायमचा पाठ झाला.

मामाजींकडे मात्र त्याच्यावर उतारा होता. "बरं," ते म्हणाले, "विहिरीत एक धोंडा टाक आन् एक पान टाक. आंधी कोन पोचते? धोंडा! म्हंजे जड तेच तेज. विचार तिले, हे कसं?"

खोटं कशाला बोलू, मी क्षणभर गडबडले. सुतारही चाकातून तोंड काढून माझ्याकडे पाहू लागला. मग सुचलं. "धोंडा विहिरीत जमीन ओढते. जितका जड, तितका जास्त जोरानं ओढते. पटात ओढनारे बैल दोनच. मामाजी जड झाले म्हून काई तिसरा बैल येत नाई." पानाला हवा अडवते वगैरे मला माहीत होतं, पण ते सांगायची गरज पडली नाही, कारण सुतार आता उघडउघड हसत होता. मामाजी उठले आणि "घरात शानी सून आनली, आता भोगा!" असं स्वतःलाच म्हणत बैलांकडे निघून गेले. वडे मात्र बरोबर नेले.

पुढचा प्रकार मी पाहिला नाही, पण गावातल्या बायांनी पाणवठ्यावर तो इतक्यांदा करून दाखवला की पाहिल्यासारखाच आहे. सुताराच्या पोटात काही राहिलं नाही आणि दुसऱ्या दिवशी गावभर 'रंधा मारा' सुरू झालं. मामाजी इरेला पेटले. "माह्यं हाड जड हाये, मी जाडा नाई," असं म्हणत तरातरा धानाच्या गिरणीत गेले आणि गिरणीवाल्याला म्हणाले, "तोल मले." तिथे आढ्याला टांगलेला मोठा तराजू होता. एका पारड्यात धानाचं पोतं ठेवलं, दुसऱ्यात मामाजी बसले. पोतं असं वर गेलं की गिरणीवाला बाजूला उडी मारून वाचला. दुसरं पोतं अर्धं भरून चढवलं तेव्हा कुठे काटा मधोमध आला. दीड पोतं मामाजी! मग कोणा चावट माणसाने आमच्या ह्यांनाही धरून आणलं. त्यांना पारड्यात बसवलं तर पहिलं पोतं जागचं हललं नाही, आणि हे पाय लोंबकळत वर बसून राहिले. खाली उतरवायला दोघं लागले, कारण माझ्या नवऱ्याला उडी मारायची भीती वाटत होती. सुताराने काढलेले छिलके तेवढे लोकांनी तोलून पाहिले नाहीत, एवढी दया केली.

मामाजी घरी आले ते तडक बैलांकडे गेले. संध्याकाळी आत्याबाईंना म्हणाले, "उद्यापासून मले नुसती अंबील." आत्याबाईंनी देवापुढे दिवा लावला. दहा दिवस मामाजी सकाळ-दुपार पातळ अंबील पीत राहिले, आणि त्यांचा चेहरा बघून मला खरोखर वाईट वाटायला लागलं. छकडीवरून उतरून दुसऱ्याला बसवणं हा सोपा मार्ग होता, पण तो त्यांच्या मनात येत नव्हता. तीस साल ज्या जागेवर बसलो ती सोडायची म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठे कळत होतं? मला माझा अर्ज दिसत होता.

दहा दिवसांनी ते पुन्हा गिरणीत गेले. या वेळी दीड पोतं पुरलं नाही. वर दोन पायल्या धान आणखी टाकावं लागलं.

तपास लागायला वेळ लागला नाही. रोज दिवस कलला की मामाजी "बैल फिरवून आनतो" म्हणून निघायचे. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या धाकट्या बहिणीचं घर. भाऊ वाळून चालला म्हणून ती माउली रोज तुपातले घारगे तळून वाट बघत बसायची. बैल बाहेर कडबा खायचे, मामाजी आत. आत्याबाईंनी त्या रात्री अंबिलीचं मडकं उचललं आणि अंगणात पालथं घातलं. "म्या दहा दिवस मातीत घातले!" म्हणाल्या. "मीई दहा दिवस तुमच्यासंगं अंबील पेली ना!" हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आत्याबाई रडायला लागल्या, आणि मामाजी पहिल्यांदाच खरे खजील झाले.

मग ते ओसरीतून मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असं बोलले. "सांग तिले. यंदा छकडीवर पोरगा बसन. जिंकला तं तिच्या कागदावर सही. हारला तं पुस्तकं चुलीत. अन् मंग या घरात वजनाचं नाव कोनी काढाचं नाई."

मी आतून म्हटलं, "सांगा, मंजूर."

आत्याबाईंनी सांगायच्या आधीच मामाजी म्हणाले, "ऐकलं."

सगळ्यात घाबरले कोण, तर आमचे हे. बैलांची त्यांना मुळीच भीती नव्हती. बैलांचं दाणा-पाणी हेच करायचे आणि बैल ह्यांच्या पायांमागे वासरांसारखे फिरायचे. भीती होती ती बापाची. मी त्यांना आठ दिवस एकच गोष्ट घोकवली. "तुमचं वजन निम्मं हाये. जोडी सुटल्याबरोबर पुढं जाईन, तिले जाऊ द्या. तुमी काई करू नका. फक्त मांगं पाहू नका." झोपताना म्हणायची, उठताना म्हणायची. शेवटी ते चिडून म्हणाले, "तू मास्तरीण होशील तवा पोराईचं कसं व्हईन?" ही त्यांची मला मिळालेली पहिली शाबासकी समजायला हरकत नाही.

पटाचा दिवस उजाडला. शेताच्या दोन्ही बाजूंना बंड्याच बंड्या लागलेल्या. आमच्या बंडीत मी आणि आत्याबाई डोक्यावरून पदर घेऊन बसलो होतो. माझे हात असे गार पडले होते की आत्याबाईंनी ते आपल्या मांडीखाली घेतले. खाली नदीपलीकडची जोडी येऊन उभी राहिली, तिच्यावर ती वाळली मिरची. आमची जोडी आली. मामाजी बैलांना धरून होते. जोडी वाटेवर उभी केली आणि सवयीने त्यांनी एक पाय छकडीवर टाकला. छकडी करकरली. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "दीड पोतं!" लोक हसले. मी हसले नाही. मामाजींनी पाय खाली घेतला, बैल हाकायची आरीची काठी, म्हणजे तुतारी, पोराच्या हातात दिली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

झेंडी पडली.

काय सांगू! आमची जोडी सुटली म्हणजे जागेवरून नाहीशीच झाली. मिरचीवाल्याची जोडी चार पावलं टाकते न टाकते तोच आमची छकडीभर पुढे. मी पदर-बिदर विसरून उभी राहिले. आत्याबाई "बस व, बस व" म्हणत स्वतःच उभ्या राहिल्या. हे छकडीवर वाकून बसलेले, काही करत नव्हते, अगदी शिकवलं तस्सं. अर्धी वाट झाली. दोन छकड्यांचं अंतर पडलं. माझ्या डोळ्यांपुढे ब्रह्मपुरी आली.

आणि तेवढ्यात गर्दीच्या वर एक आवाज चढला. "शाब्बास रे माह्या वाघा!"

मामाजी ओरडले होते. धोतर सावरत, हात हवेत फेकत, जोडीमागे धावत ओरडले होते.

ह्यांनी मागे पाहिलं. अख्खी मान वळवून, तोंड उघडं टाकून पाहिलं. मान वळली तसा हात वळला, हात वळला तसा कासरा ओढला गेला, आणि बैलांना वाटलं, थांब म्हणतोय. शहाणी जनावरं ती. पाय आखडले. पुन्हा उधळीपर्यंत मिरचीवाला बाजूने निघून गेला. हातभराने हरलो आम्ही.

मला ह्यांचा इतका राग आला की त्या क्षणी कोणी फारकत देऊ केली असती तर मी अंगठा नाही, लफ्फेदार सही केली असती. आठ दिवस घोकवलं! एवढं एक वाक्य! घरी येताना हे बंडीच्या बाजूने खाली मान घालून चालत होते. मी विचारलं, "काऊन पाह्यलं मांगं?" तर म्हणाले, "मले वाटलं, बाबा दुसऱ्या कोनाले म्हणून राह्यले." मी आणखीच चिडले. त्या वाक्यात काय होतं ते कळायला मला संध्याकाळ लागली.

दिवेलागणीला मी पेटी उघडली. शब्द म्हणजे शब्द. रडले असते तर बरं झालं असतं, पण मला रागात रडू येत नाही, आजही येत नाही. सगळी पुस्तकं काढली, चुलीपाशी नेऊन आदळली आणि आत्याबाईंना म्हटलं, "सांगा त्याईले, चूल पेटली हाये."

आत्याबाई उठायच्या आत स्वयंपाकघराच्या दारात उजेड अडला. मामाजी तिथे कधीच येत नसत. ते आले, उंबऱ्यावर बसले, आणि आत्याबाईंकडे न पाहता माझ्याशी बोलले.

"थांब, पोरी."

मी पदर ओढून भिंतीकडे वळले. ते सावकाश बोलत होते, शब्द शोधून.

"तीस साल मी बैलाईच्या मांगं बसलो. त्याईच्या पाठी पाह्यल्या, शेपट्या पाह्यल्या. पळतानी कसे दिसतेत हे आज बाजूनं उभं राहून पह्यल्यांदा पाह्यलं. कसे उडाले व! मले वाटे, मी त्याईले पळवतो. मी तं त्याईले धरून ठेवून राह्यलो होतो."

चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

"आन् आज उतरलो खाली," ते म्हणाले, "तरी मीच आडवा आलो. पोराले जल्मात कधी शाबास म्हटलं असतं, तं त्यानं आज मांगं पाह्यलं नसतं. पोरगा नाई हारला. आन कागद."

मी अर्ज आणला. सही करताना त्यांनी टाक एवढा दाबला की कागद फाटतो की काय असं वाटलं. सही झाल्यावर ती त्यांनी फुंकर मारून वाळवली, पुस्तकं एकेक करून चुलीपासून उचलली, धोतराने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. मग एकदम जुन्या आवाजात म्हणाले, "पन ब्रह्मपुरीले तुले नेईन कोन? हा? हा मांगं पाह्यते. मीच नेतो बंडीनं."

आणि मेली ही माझी जीभ! सासऱ्याशी आयुष्यात पहिल्यांदा थेट बोलले ते हे. म्हटलं, "मामाजी, तुमी बंडीत बसले तं परीक्षा संपल्यावर पोचू आपन."

आत्याबाईंनी तोंडावर हात मारला. मामाजी माझ्याकडे बघत राहिले, आणि मग असे हसले की पोट धरून उंबऱ्यावर आडवे झाले. ओसरीतून हे घाबरून धावत आले, बाबांना काय झालं म्हणून. बाबांनी त्यांना जवळ ओढलं आणि त्यांच्या पाठीत एक जोराची थाप मारली. ह्यांना ती कशाबद्दल आहे ते कळलं नाही, पण दोन दिवस ते खुशीत होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. उन्हाळा लागला होता, मोहाच्या फुलांचा वास सुटला होता, झाडीतली वाट आणि अख्ख्या दिवसाचा रस्ता. बंडीत मी, माझी पेटी आणि आत्याबाईंनी बांधून दिलेली शिदोरी. मामाजी कासरा धरून बैलांच्या बाजूने चालू लागले. मला वाटलं, गाव संपलं की बसतील. गाव संपलं. नाला आला, नाला गेला. पहिला चढ आला तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि धाप मला वर ऐकू येत होती.

मी म्हटलं, "मामाजी, बसा ना. मी थट्टेत म्हटलं होतं."

"बैल थकतीन, तुले उशीर होईन," ते म्हणाले.

दुपारी पुन्हा म्हटलं, बसा. या वेळी मला रडू आलं, राग नव्हता ना, म्हणून आलं. त्यांनी कपाळावरचा घाम हाताने पुसला, बैलांच्या पाठीवर थाप मारली, आणि पुढे पाहत चालता चालता मला म्हणाले, "तू वाच."